तीसच्या पुढचे

दादासाहेबांनी पहिला फोटो अंगठ्यानं वर ढकलला, दुसरा ढकलला आणि तिसऱ्यावर थांबले. दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"बेचाळीस," ते पुटपुटले आणि तोही ढकलला.

पुढच्या फिटरचे तीन फोटो आले. पुन्हा पहिला नाही, दुसरा नाही, थेट तिसरा.

"एकोणीस. हां."

आता कुठं ते मागं आले आणि पहिला फोटो चष्मा वर करून नीट बघायला लागले.

मी त्यांच्या खुर्चीमागं ड्रॉइंगवर सही घ्यायला उभी होते. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, घट बसले त्या दिवशीची. दादासाहेब आमच्या टूलरूमचे मालक. कारखान्यांना लागणारे डाय आणि साचे आमच्याकडं बनायचे. मी, वैजयंता माने, तिथली फिटर-इनचार्ज, हाताखाली चौदा गडी. आणि साहेबांच्या मोबाईलवर जे ॲप उघडं होतं ते माझं होतं. माझं आणि हमीद मुजावरचं. त्याचं नाव ‘कसब’.

कसब का काढलं ते सांगते. आमच्या एमआयडीसीत नोकरी मागायला गेलं की हाताकडं कुणी बघत नव्हतं. आडनाव काय, गाव कुठलं, गावात घर कुठल्या अंगाला. तिसऱ्या प्रश्नापर्यंत त्यांना हवं ते उत्तर मिळालेलं असायचं, मग "कळवतो" म्हणायचे. पोरगी असली तर एवढेही प्रश्न नाहीत, वॉचमनच गेटवरनं परत पाठवायचा. म्हणून आम्ही ॲपमधनं सगळं काढून टाकलं. नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही, चेहरा नाही, बाई का बुवा तेही नाही. राहिले फक्त हातानं केलेल्या जॉबचे तीन फोटो.

जॉब सगळ्यांना एकच. लोखंडी पाटीत चौकोनी खाच, आणि त्या खाचेत बसणारा चौकोनी ठोकळा. दोन्ही कानशीनं घासून करायचे, मशीन लावायचं नाही. मग ठोकळा खाचेत बसवून ट्यूबलाइटसमोर धरायचा. कडेनं उजेडाची रेघ दिसली तर हात कच्चा. ठोकळा चारी बाजूंनी फिरवून बसवला आणि तरी उजेड आला नाही तर तो फिटर. पहिला फोटो उजेडातला. दुसरा दोन्ही भाग सुटे ठेवून. आणि तिसरा जॉबच्या कोपऱ्याचा, जिथं फिटरनं आपला आयटीआयचा हजेरी नंबर ठोकलेला असतो. दुसऱ्याचा जॉब उचलून कुणी आपला म्हणू नये म्हणून.

मालकानं जॉब पसंत केला की मगच नाव उघडायचं. फिटरही एकमेकांचे जॉब बघायचे. कोण आहे ते माहीत नसताना शाबासकी द्यायचे, शिव्या द्यायचे, कानस कुठल्या कंपनीची म्हणून विचारायचे. चार महिन्यांत एकोणीस जण कामाला लागले होते. मी छाती फुगवून हिंडत होते.

"साहेब," मी म्हणाले, "उजेडाचा फोटो आधी का बघत नाही?"

"बघतो की. आधी नंबर बघतो. वेळ वाचतो."

"नंबरानं काय कळतंय?"

दादासाहेब हसले. वाईट माणूस नव्हे. पोराच्या लग्नात आम्हा सगळ्यांना पहिल्या पंगतीला बसवणारा माणूस.

"अगं, तू आयटीआयला काटकर सरांच्याच हाताखालची ना? हजेरी विसरलीस? एक ते तीस मेरिटवर आलेली पोरं. तीसच्या पुढची सगळी सवलतीवरची. आता सगळीच वाईट नसतात, मी कुठं म्हणतो. पण उगंच डोक्याला ताप कशाला? ह्या पट्ट्यातला प्रत्येक मालक असाच बघतो." त्यांनी सही केली. "तू तर पंचवीस. तुला काय सांगायचं."

त्यांच्यामागं भिंतीला काचेचं कपाट होतं. त्यात एकच जॉब ठेवलेला, माझा. त्याच्याही बारा वर्षं आधी इथं नोकरीला लागताना दिलेल्या ट्रायलचा. येईल त्या नव्या माणसाला साहेब तो दाखवायचे, "उजेड शोधून दाखव" म्हणायचे. दर खंडेनवमीला, हत्यारं पुजायच्या दिवशी, त्याला हळदीकुंकू लागायचं.

मी ड्रॉइंग घेतलं आणि बाहेर आले.

*

हमीद आधी मशिनिस्ट. सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम लिहिता लिहिता मोबाईलचे लिहायला शिकला. कुणी विचारलं की म्हणायचा, "लोखंडाला कळंल असं लिहिता येतं, तर माणसाला कळंल असं का येणार नाही?"

संध्याकाळी त्याच्या घरी आम्ही एकोणीसच्या एकोणीस नावांपुढचे नंबर काढले. सात. अकरा. एकोणीस. तीन. अठ्ठावीस. एकही तीसच्या पुढचा नव्हता. ॲपवर तीसच्या पुढचे बत्तीस जण होते. त्या बत्तिसांपैकी एकालाही बोलावणं नव्हतं.

हमीदनं डोक्याला हात लावला. "ताई, आमच्या मशिनिस्टची हजेरी आडनावाच्या अक्षरावर होती. मला हे माहीतच नव्हतं. पण तुम्ही फिटरच्या. तुम्हाला कसं सुचलं नाही?"

"नंबराशिवायचा जॉब म्हणजे भंगार, असं काटकर सरांनी डोक्यात ठोकलंय. हात आपोआप नंबर ठोकायच्या पंचाकडं जातो. त्यात काय लिहिलंय ते कोण वाचतंय?"

"मालक वाचतोय की."

मी नंबरांचा कागद पालथा घातला.

"आणि ऐका," तो म्हणाला, "नंबर नीट दिसत नसला तर फोटो परत पाठवायचा, हे पण आपणच घातलंय. ‘कृपया नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो काढा.’ मीच लिहिलंय ते वाक्य. माझ्या ह्या हातानं."

चेहरा झाकला, आडनाव झाकलं, गाव झाकलं, आणि जात लोखंडावर ठोकून मालकाच्या हातात दिली. वर ती नीट दिसत नसेल तर परत काढा म्हणून सांगितलं. एवढा मूर्खपणा शिकलेल्या माणसाला जमला नसता. तो आम्हा कामगारांनाच जमला, कारण आम्हाला आमच्या नंबराचा अभिमान होता.

"सोपं आहे," हमीद म्हणाला. "तिसरा फोटो काढून टाकतो. दहा मिनिटांचं काम."

"आणि मालक म्हणाले, खंडेनवमीला जॉब हातात आणून दाखवा, मग? नंबर तर जॉबवरच आहे."

आमच्या टूलरूमची पद्धत तशी होती. खंडेनवमीला दादासाहेब वर्षभरातल्या जॉबमधला सगळ्यात उजवा जॉब स्वतः हातात घेऊन निवडायचे. त्याला कुंकू लागायचं आणि तो फिटर दसऱ्यानंतर कामावर. त्या वर्षी पहिल्यांदा ते कसबवर फिटरांनीच सगळ्यात जास्त शाबासकी दिलेल्या बारा जणांतनं निवडणार होते, आणि पट्ट्यातले पाच-सहा मालक बघायला येणार होते. साहेबांनी केलं की बाकीचे करतात. त्या दिवशी पुन्हा तीसच्या आतलाच उचलला गेला असता तर कसब म्हणजे जुन्याच चाळणीला नवा पत्रा, एवढंच ठरलं असतं.

"मग घासायला सांगा," हमीद म्हणाला. "कोपऱ्यावर चार हात कानस मारायची. नंबर गेला."

मला ते पटलं. फार लवकर पटलं.

*

बारा जणांत रूपा घस्ते होती. नंबर सत्तेचाळीस. तिचा उजेडातला फोटो मी रोज उघडून बघायचे, माणसं देव्हाऱ्याकडं बघतात तसा. ट्यूबलाइटसमोर काळा चौकोन, आणि त्यात कुठंही केसाएवढी रेघ नाही. शंभरावर फिटरांनी त्या जॉबला शाबासकी दिली होती. एकानं लिहिलं होतं, "हे कुणी जुनं खोड दिसतंय, तीस वर्षं तरी घासलेलं." रूपा तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि मामाच्या दुकानात खिडक्यांची ग्रिलं जोडत होती.

मी दुकानात गेले तेव्हा ती ग्रिलवरचे वेल्डिंगचे डाग झाडत होती. मी कोण ते सांगितलं.

"म्हणजे कपाटातल्या पंचवीस तुम्हीच?" तिनं चष्मा वर केला. "बसा. तुमचं ॲप माझ्यावर रुसलंय का ओ? सगळे म्हणतात भारी जॉब, आणि बोलवत कुणीच नाही."

मी खरं ते सांगितलं. हजेरीचं, तिसऱ्या फोटोचं. तिला आश्चर्य वाटलं नाही.

"ते होय. मला वाटलं, दुसरं काय तरी असंल."

"रूपा, खंडेनवमीला जॉब घेऊन यायच्या आधी कोपरा घासून टाक. नंबर जाऊ दे."

तिनं हातातला ब्रश खाली ठेवला.

"घासू?"

"तात्पुरतं गं. आत शिरेपर्यंत."

"आत शिरले की मग काय करू? परत ठोकू? का जन्मभर कोपऱ्यावर अंगठा ठेवून हिंडू?"

"नोकरी हवी ना तुला?"

"हवी. नाय कोण म्हणतंय?" ती उठली, मागच्या फळीवरनं फडक्यात गुंडाळलेला जॉब घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवला. "काटकर सर पहिल्या दिवशी म्हणाले, पोरी, तुला कानस पेलंल का? सगळा वर्ग हसला. तिसऱ्या महिन्यात त्यांनी माझा जॉब साठ जणांत फिरवला. ह्या नंबरावर बोट ठेवलं आणि म्हणाले, सत्तेचाळीस, उभी राहा. मी उभी राहिले. कुणी हसलं नाही. तवापासनं मला माझ्या नावापेक्षा हा नंबर आवडतो. आणि तुम्ही म्हणताय घास."

मी जॉब हातात घेतला. सवयीनं दुकानाच्या दाराकडं धरला. उजेड नव्हता.

"घासायचाच तर तीसच्या आतल्यांनी घासावा," ती म्हणाली. "कळू दे की कुणाचा हात कसा आहे ते. मी काय चोरी केली म्हणून मी घासू?"

"तुला वाटतं तेवढं सोपं नाही ते."

"तुम्ही घासला असता?"

मी जॉब परत फडक्यात गुंडाळला.

"नाही ना? तुम्ही पंचवीस. तुम्हाला नाही कळायचं, ताई. चहा घेणार का?"

मी चहा घेतला नाही. घरापर्यंत चालत आले. चार किलोमीटर. एवढी झणझणीत थोबाडीत मला माझ्या बापानं कधी मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हमीदला म्हटलं, "कुणी नंबर घासायचा नाही. आपण झाकायचा. बाराच्या बारा. एकपासून सगळ्यांचा."

"कशानं?"

"लाखेनं. पार्सलला लावतात तसली. वितळवून थेंब टाकायचा, मालकानं निवडल्यावर खरवडून काढायचा."

"दादासाहेब ऐकतील?"

"त्यांना स्वतःच्या डोळ्याचा गर्व आहे. त्यालाच हात घालते."

आणि घातला. चहाच्या वेळी, दुसरे दोन मालक केबिनमध्ये बसलेले असताना मी सहज म्हणाले, "साहेब, पोरं म्हणतात, दादासाहेब नंबर बघून निवडतात, आता त्यांचा डोळा पहिल्यासारखा राहिला नाही." त्यांच्या हातातली बशी तिथंच थांबली. "कोण म्हणतंय? झाक म्हणावं नंबर. डोळे बांधून हातानं सांगतो कुठला जॉब कसा आहे ते."

*

खंडेनवमीला टूलरूम धुऊन काढलेली. लेथला झेंडूची माळ, ड्रिलला माळ, जॉब आवळायच्या प्रत्येक व्हाइसला हळदीकुंकवाची बोटं. मधोमध सरफेस प्लेट, म्हणजे ग्रॅनाइटचा तो आरशासारखा सपाट ओटा ज्यावर आम्ही मापं घेतो, आणि त्यावर बारा जॉब ओळीनं. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर लाल लाखेचा थेंब. त्यांचे बारा धनी मागं पत्र्याच्या भिंतीला टेकून उभे, कोणता कुणाचा ते फक्त मला आणि हमीदला माहीत. रूपा शेवटी उभी होती. नऊ जण तीसच्या आतले, तिघं पुढचे.

पूजा झाली. दादासाहेबांनी बाह्या सरसावल्या आणि पहिला जॉब उचलला.

एक गोष्ट कबूल करते. त्या माणसाला काम बघता येत होतं. तो एकेक जॉब ट्यूबलाइटसमोर धरायचा, ठोकळा काढायचा, एक घर फिरवून बसवायचा, परत धरायचा. चारी बाजूंनी. बाकीचे मालक पेढे खाऊन कंटाळले, दोघं घड्याळ बघायला लागले, पण दादासाहेबांनी एकालाही वरवर बघितलं नाही. नंबर दिसत नव्हता तेव्हा त्यांच्याकडं फक्त उजेड होता, आणि उजेडाशी तो माणूस फार इमानदार होता.

त्यांनी दहावा जॉब उचलला. एकदा फिरवला. दोनदा. चौथ्यांदा फिरवून त्यांनी तो डोळ्याच्या अगदी जवळ नेला.

"वैजयंता, कपाट उघड."

मी माझा जॉब काढून दिला. एका हातात तो, एका हातात हा. दोन्ही एकदम उजेडात. मग दोन्ही खाली ठेवून ते मोठ्यांदा हसले.

"तुझ्या पंचवीसला खाली बसवलं गं ह्यानं."

सगळे हसले. मीही हसले. मला खरंच आनंद झाला होता. साहेबांनी करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं, दुसऱ्या हातानं सुई घेऊन लाख खरवडली, फुंकर मारली आणि वाचलं.

सत्तेचाळीस.

त्यांनी तो आकडा पुन्हा एकदा वाचला. मग खिशातनं रुमाल काढला आणि बोटाचं कुंकू पुसलं. सावकाश, नखाच्या कडेचंसुद्धा.

"हां," ते म्हणाले. "बरं आहे. आता तो चौथा कुठला होता? तोही चांगलाच होता की."

एक मालक छताकडं बघायला लागला. दुसरा पेढ्याचा कागद घडी घालत बसला. हमीदनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. रूपानं खाली ठेवलेली पिशवी उचलून खांद्याला लावली. आणि ती दादासाहेबांकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. पंचवीसकडं.

मी पुढं झाले आणि साहेबांच्या समोरचा माझा जॉब उचलला.

सरफेस प्लेटवर हातोडा मारत नाहीत, एवढी शुद्ध होती. माझ्या व्हाइसमागच्या ऐरणीवर ठेवला. खणातनं नंबरपंचांची डबी काढली. तीच डबी, बारा वर्षांपूर्वीची. पंच दोनच लागणार होते. तेच दोन.

आधी पाच. मग दोन.

पत्र्याच्या शेडमध्ये दोन घाव मोठे वाजले.

"काय करतेस तू?" दादासाहेब म्हणाले.

"नंबर दुरुस्त करतेय, साहेब. बारा वर्षं उलटा होता."

मी जॉब त्यांच्या हातात दिला. जुन्या पंचविसाखाली ताजा, चकाकता बावन्न.

"हे काय?"

"माझा हजेरी नंबर बावन्न. पंचवीस बाळू खोचरेचा, तो पोलीस भरतीत गेला. ट्रायलच्या दिवशी मी दोन आधी मारला आणि पाच नंतर. चुकून नव्हे. मुद्दाम."

"पण तू तर माने."

"माने सगळ्यांत असतात. पंचवीस बघितल्यावर, कुठले माने, ते विचारायची तुम्हाला गरजच वाटली नाही. बाई आणि वर बावन्न, एवढं तुमच्या पोटात मावलं नसतं साहेब. मला काम पाहिजे होतं. बाईचं झाकता येत नव्हतं. बावन्नचं आलं."

हमीदला मी ‘नंबर कोण वाचतंय’ म्हणाले होते ते खोटं होतं, आणि इतकी वर्षं स्वतःलाही मी तेच सांगत आले होते. आमचे चौदा गडी, ज्यांच्यावर मी रोज ओरडायचे, ते माझ्याकडं बघत होते. काय बघत होते ते मला तेव्हा कळलं नाही आणि त्याची पर्वाही नव्हती. बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्या कपाटासमोर खांदे न पाडता उभी होते.

दादासाहेबांनी जॉब प्लेटवर ठेवला. "दर खंडेनवमीला मी ह्याला माझ्या हातानं कुंकू लावलं."

"लावलं. बारा वर्षांत कधी उजेड आला का त्यातनं?"

आणि मग त्या माणसानं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यानं जॉब उचलला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. राग म्हणून नव्हे, नाटक म्हणून नव्हे. फिटरच्या हाताला दुसरं काही येत नाही म्हणून. ठोकळा काढला, फिरवला, बसवला, धरला. चारी बाजूंनी. आम्ही सगळे थांबलो. उजेड आला नाही.

त्यांनी तो सत्तेचाळीसशेजारी ठेवला. कुंकवाची वाटी माझ्याकडं सरकवली.

"तूच लाव," म्हणाले आणि केबिनकडं वळले.

"मी नाही लावणार. ज्यानं निवडला त्यानं लावायचं. पद्धत तुमची आहे."

ते केबिनच्या दारात थांबले. पाठ आमच्याकडं. मग ते परत आले. माझ्याकडं न बघता वाटीत बोट बुडवलं आणि सत्तेचाळीस नंबराच्या जॉबला कुंकू लावलं. एकच बोट. पण नीट.

"कोण आहे हा?"

"मी," रूपा म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. पोरगी. ते एक माप अजून राहिलंच होतं.

"उद्या दसरा. परवा ये."

"येते. कानस माझी आणू का इथली देताय?"

मागं आमचा गणपा फिस्सकन हसला, मग कुणीच आवरलं नाही.

*

मला कामावरनं काढतील असं हमीदला वाटत होतं. काढलं नाही. काढलं असतं तर त्याच दिवशी पेढ्याचा कागद घडी घालणारा मालक मला न्यायला गेटवर उभा राहिला असता, हे साहेबांना माहीत होतं आणि मलाही. माझा हात कसा आहे ते त्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळीपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, सह्या शिपायाकरवी यायच्या. दिवाळीनंतर एकदा एक साचा अडला, तेव्हा स्वतः येऊन म्हणाले, "बघ गं जरा." मी बघितलं. त्या दिवसाबद्दल ते पुढं कधीच बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही.

मोबाईलवर मात्र त्यांना पुन्हा कुणाचा नंबर आधी दिसला नाही. हमीदनं त्याच आठवड्यात ॲप बदललं. तिसरा फोटो आजही काढावा लागतो, पण नंबर ॲपच झाकतं, आणि मालकानं जॉब पसंत केल्याशिवाय तो उघडत नाही. कसब उघडलं की पहिलं वाक्य दिसतं. ते रूपानं सांगितलेलं, हमीदनं एक अक्षरही न बदलता टाकलंय: "नंबर घासू नका. झाकायचं काम आमचं."

पुढच्या वर्षभरात तीसच्या पुढचे बावीस जण कामाला लागले. ते आले, कुणाचं काही बुडालं नाही, साचे निघत राहिले. एकोणिसांचा मला जो अभिमान होता तो खोटा होता. ह्या बाविसांचा खरा आहे आणि मी तो कुणापुढं लपवत नाही.

मी आता स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवते. त्या टूलरूमची इनचार्ज रूपा आहे. कपाट तिथंच आहे. त्यात आता दोन जॉब आहेत, तिचा आणि माझा. तिच्यावर एक नंबर, माझ्यावर दोन. पंचवीस मी खोडला नाही. असू दे, कुणी काय करायला लावलं ते दिसलं पाहिजे.

गेल्या महिन्यात मी तिथं गेले होते. नवीन आलेला एक फिटर कपाटासमोर उभा होता.

"मॅडम," त्यानं रूपाला विचारलं, "ह्या एका जॉबवर दोन नंबर कसे?"

"त्यातला एक खोटा आहे," रूपा म्हणाली.

"कुठला?"

तिनं कपाट उघडलं आणि जॉब त्याच्या हातात दिला.

"उजेडात धर आणि तूच सांग."